जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन चढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर, महू, देवास, धार या पट्ट्यात महिंद्राची एमएम ५४० अजून बऱ्याच अंगणांत उभी असते. कोणी ती शेतावर नेतं, कोणी रविवारी जानापाव किंवा चोरलकडे. गाडीचा सांगाडा धडधाकट असतो, पण आतलं प्युजो डिझेल इंजिन थकलेलं असतं. अशा जीपमध्ये महिंद्राचंच एमडीआय (थेट सिलिंडरमध्ये डिझेल मारणारं) इंजिन बसवण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पेट्रोल जीपवाल्यांसाठीही दोन-तीन प्रश्न आहेत.

इंजिन बदलायलाच हवं, की आहे तेच दुरुस्त होईल?

आधी हे तपासा, कारण निम्म्या गाड्यांना नवं इंजिन नको असतं, नीट दुरुस्ती हवी असते. काळा धूर म्हणजे इंजिन संपलं असं नाही. एअर फिल्टर चोंदलेला असेल, नोझल ठिबकत असेल किंवा पंपाचं डिझेल जास्त सोडलेलं असेल, तरी काळा धूर येतो. पांढरा धूर सकाळी थंडीत येऊन गाडी तापल्यावर थांबत असेल, तर प्युजोचे हीटर प्लग एकेक करून तपासा. या इंजिनात डिझेल आधी छोट्या कोठडीत जळतं, त्यामुळे एखादा प्लग गेला तरी ते सकाळी कुरकुरतं. निळा धूर मात्र ऑइल जळत असल्याचा.

गाडी तापू द्या, आयडलवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढा. तोंडाशी तळहात धरा. हलकी फुंकर जाणवली तर ठीक. धापा टाकल्यासारखा वारा आणि ऑइलचे थेंब हातावर आले तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली निसटतोय. मग गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट सिलिंडरमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर इंजिन उघडावं लागणार. उघडल्यावर क्रँक शेवटच्या अंडरसाइजला पोचलेला, म्हणजे आणखी घासता न येणारा, निघाला किंवा ब्लॉकला तडा दिसला, तरच इंजिन बदलण्याचा विचार करा. लायनर, पिस्टन आणि रिंगा बदलून काम भागत असेल तर तेच करा. मूळ इंजिनावरची गाडी कागदपत्रांतही सुखाची असते.

सगळे एमडीआयच का सुचवतात?

कारण त्याचे सुटे भाग आणि ते उघडणारे हात माळव्यात गावोगाव आहेत. हे २५२३ सीसीचं इंजिन इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनावरून आलं. बोअर ८८.९ मिमी आणि स्ट्रोक १०१.६ मिमी, म्हणजे साडेतीन आणि चार इंच. गहू-सोयाबीनच्या पट्ट्यातल्या ट्रॅक्टर मिस्त्रीला त्याचं हेड, टॅपेट, पंप यांची सवय असते. प्युजोचं इंजिन २११२ सीसीचं, बोअर ९० आणि स्ट्रोक ८३ मिमी. त्याचा स्वभाव वेगळा आहे, ते वर फिरायला आवडणारं इंजिन. एमडीआय खालच्या फेऱ्यांवर ओढतं, थेट सिलिंडरमध्ये डिझेल मारतं आणि सकाळी हीटरची वाट पाहायला लावत नाही. बदल्यात ते हादरे जास्त देतं, आवाज जास्त करतं आणि मिनिटाला ३२०० फेऱ्यांच्या पुढे त्याच्याकडून काही मागू नये. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, क्राउन-पिनियनच्या (ॲक्सलमधल्या दात्यांच्या जोडीच्या) प्रश्नात तो परत येणार आहे.

आरटीओचं काय? आधी बसवून मग दाखवलं तर चालतं का?

उलट क्रमाने जाऊ नका. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून पहिलं पाऊल गॅरेजमध्ये नाही, आरटीओच्या खिडकीवर. अर्जात मूळ इंजिनाचा नंबर, सीसी आणि इंधन लिहा. त्याच्या शेजारी बसवायच्या इंजिनाचा नंबर, मेक, सीसी, इंधन आणि बदलाचं कारण लिहा. कंपनी तीच आणि इंधन तेच असेल तर तुमची बाजू भक्कम असते. तरी २११२ च्या जागी २५२३ सीसी येतंय हा फरक आहेच, तो लपवू नका. लेखी मंजुरी हातात येईपर्यंत जुनं इंजिन गाडीतून काढू नका. इंजिन बदलल्यावर नोंदीसाठी कळवायला कायद्यात १४ दिवसांची मुदत आहे. तपासणीला जाताना चेसिस आणि इंजिन नंबरचा पेन्सिल प्रिंट, इंजिनाचं बिल, ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत आणि विमा सोबत न्या.

मंजुरी नाकारली गेली तर? मग जुनंच इंजिन बनवून घ्या. नोंद नसलेल्या इंजिनावर अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि समोरच्या जखमी माणसाची भरपाई तुमच्या घरावर येऊ शकते.

विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या. एजंटला फोनवर सांगितलं, एवढं पुरत नाही.

माझी जीप ५० वर्षांहून जुनी आहे. इंजिन बदलून विंटेज नोंदणी मिळेल का?

नाही. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात सांभाळलेली गाडीच विंटेज धरली जाते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला की तो हक्क जातो. नव्या विंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. तुमच्याकडे मूळ एफ-हेड पेट्रोल इंजिनासकट जुनी सीजे ३बी असेल, तर आमची कळकळीची विनंती आहे: तिला हात लावू नका. ते २१९९ सीसीचं इंजिन दुरुस्त करून घ्या. अशा गाड्या आता मोजक्याच उरल्या आहेत.

पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवता येईल का? पूर्वी तर सर्रास बसवायचे.

पूर्वी बसवायचे हे खरं. पण आज इंधन बदलणं हा आरसीवरच्या तपशिलातला थेट बदल आहे. कायद्यातली सवलत मंजूर किटने सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर जाण्यासाठी आहे, पेट्रोलवरून डिझेलवर जाण्यासाठी नाही. आरसीवर पेट्रोल आणि टाकीत डिझेल अशी गाडी घेऊन फिरू नका, आणि विकत तर मुळीच घेऊ नका. जुनी जीप घ्यायला गेलात की आधी बॉनेट उघडा, ब्लॉकवरचा नंबर घासून वाचा आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहा.

पेट्रोल इंजिन ठेवणाऱ्यांनी आता ई२० कडे लक्ष द्यायला हवं. २० टक्के इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि टाकीतला जुना गंज व गाळ सुटा करतं. पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरचं किट आणि सगळे होज इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. टाकी एकदा उतरवून आतून धुवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर कोरडा करून ठेवा.

त्यापेक्षा नवं कॉमन रेल इंजिन का नको?

ताकद भरपूर मिळते, पण ते इंजिन एकटं येत नाही. ईसीयू (इंजिनाचा संगणक), पूर्ण वायरिंग, इमोबिलायझरची किल्ली, इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर पेडल, टाकीतला पंप आणि सेन्सर हे सगळं सोबत यावं लागतं. एक वायर कापलेली निघाली तरी गाडी सुरू होत नाही आणि महूजवळच्या जामच्या घाटात ती दुरुस्त करणारा सापडत नाही. शिवाय जुन्या जीपचा गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) आणि ॲक्सल एवढ्या टॉर्कसाठी घडवलेलेच नाहीत.

इंजिन घेताना काय पाहायचं?

सगळ्यात आधी नंबर. ब्लॉकवरचा नंबर कोरून खोडलेला, पुन्हा ठोकलेला किंवा ग्राइंडर फिरवलेला दिसला, तर तिथूनच परत फिरा. चोरीच्या गाड्यांची नोंद एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय सेवेत तपासता येते. ते करा आणि प्रत ठेवा. बिलावर इंजिन नंबर लिहिलेला हवा, नुसतं ‘जुनं डिझेल इंजिन १ नग’ चालणार नाही.

मग इंजिन. शक्यतो गाडीत असतानाच चालू करून बघा. कमांडर, मार्शल किंवा जुन्या बोलेरोतून निघालेलं २५२३ सीसीचं इंजिन बाजारात मिळतं, पण त्यात साधं आणि टर्बोचं असे दोन प्रकार येतात. टर्बोचं इंजिन जीपच्या जुन्या रेडिएटरवर आणि ॲक्सलवर जास्त भार टाकतं. साधंच घ्या. डिपस्टिक बाहेर काढून ऑइल बोटांत चोळा: दुधट असेल तर पाणी मिसळलंय, चमचमणारे कण असतील तर बेअरिंग गेलंय. रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेड पॅकिंग गेलंय किंवा हेडला तडा आहे. क्रँक पुली दोन्ही हातांनी पुढे-मागे ढकलून पाहा. डोळ्यांना दिसेल इतकी हालत असेल तर थ्रस्ट वॉशर संपले आहेत.

इंजिनासोबत काय काय घ्यायचं?

एकाच गाडीचं सगळं घ्या. फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं क्लचभोवतीचं कवच), स्टार्टर, अल्टरनेटर, फाउंडेशनचे (इंजिन चेसिसवर टेकतं तिथले) ब्रॅकेट, पंखा, ॲक्सिलरेटरची आणि इंजिन बंद करायची केबल, मॅनिफोल्डपासून पहिल्या जोडापर्यंतचा एक्झॉस्ट पाइप, शक्य असेल तर गिअरबॉक्ससुद्धा. विक्रेता इंजिन देऊन बेल हाउसिंग ‘नंतर बघू’ म्हणाला, तर पैसे देऊ नका. वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेले हे भाग जुळवण्यात लेथवाल्याकडे जो वेळ आणि पैसा जातो, तो एका पूर्ण सेटच्या फरकाहून जास्त असतो. सांवेर रोडवर आणि पोलोग्राउंडमध्ये मशीनशॉप भरपूर आहेत. पण चांगला लेथवालाही आधी विचारतो की मूळ भाग का नाही आणला.

बसवण्याचा क्रम काय असावा?

जुनं इंजिन काढण्याआधी मोजमापं लिहून ठेवा. फायरवॉलपासून हेडच्या मागच्या कडेपर्यंत, पंख्यापासून रेडिएटरपर्यंत, चेसिसच्या दोन्ही रेलपासून क्रँक पुलीच्या मध्यापर्यंत, आणि ट्रान्सफर केसच्या फ्लँजपासून मागच्या ॲक्सलच्या फ्लँजपर्यंत. फोटोही काढा, पण फोटोत मिलिमीटर दिसत नाहीत.

आता नवं इंजिन रिकामं, म्हणजे पंप, मॅनिफोल्ड आणि अल्टरनेटर न लावता, गिअरबॉक्सला जोडून साखळी-कप्पीने चेसिसवर लटकवा. ट्रान्सफर केस जिथे होती तिथेच ठेवायची, कारण तिच्या मागच्या आणि पुढच्या दोन्ही शाफ्टांचं गणित तिच्यावर आहे. इंजिन तिच्याकडे जुळवा, तिला इंजिनाकडे ओढू नका. सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) आणि पुढच्या ॲक्सलमध्ये किती जागा राहते ते पाहा. कमानी पूर्ण दबल्यावर, म्हणजे ॲक्सल बम्प रबरला टेकल्यावरही, निदान २५ मिमी उरली पाहिजे. स्टीयरिंग बॉक्स आणि त्याचा शाफ्ट इंजिनाला कुठेच शिवता कामा नये. एमडीआय हादरतं, त्यामुळे तिथे १० मिमी ‘पुरेल’ असं धरू नका. निदान २५ ठेवा.

इंजिन नेमक्या जागी आलं की फाउंडेशनचे ब्रॅकेट आधी जागोजागी टाके मारून पकडा. अल्टरनेटर, पंप आणि एक्झॉस्ट लावून पुन्हा सगळं तपासा, मगच पूर्ण वेल्डिंग करा. ब्रॅकेटला ६ मिमीची पट्टी आणि कोपऱ्यात त्रिकोणी आधार द्या. चेसिसच्या रेलला आडवी वेल्डिंग करू नका, तिथूनच तडा जातो. चेसिसला जोड बोल्टने द्या: हाय टेन्साइल ८.८ ग्रेडचे बोल्ट आणि लॉकनट. वेल्डिंग करताना बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायर काढून ठेवा.

फाउंडेशनचे रबर नवे आणि योग्य कडकपणाचे घ्या. टायरचा तुकडा कापून घालायची पद्धत आहे. तसं केलं तर हादरे थेट चेसिसला जातात आणि काही महिन्यांत रेडिएटरच्या कडा, बॅटरीचा खण आणि दिव्यांचे फिलामेंट सुटू लागतात.

क्लच दाबूनही गिअर खरखरत पडतो. का?

बहुतेक वेळा पायलट बेअरिंग, नाहीतर बेल हाउसिंग तिरपं. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या मधल्या भोकात बसतं. वेगळ्या गिअरबॉक्सचं टोक जाड किंवा आखूड असेल, तर ते तिथे अडकतं किंवा लटकत राहतं. व्हर्नियरने टोकाचा व्यास आणि लांबी मोजून बुश बनवून घ्या. क्लच प्लेटचे दातेही मोजा. शाफ्टवर १० आणि प्लेटवर वेगळे असले तर ती बसणारच नाही, हे काउंटरवरच कळायला हवं.

अडॅप्टर प्लेट लावली असेल तर फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून क्रँक हाताने फिरवा आणि बेल हाउसिंगच्या भोकाची आतली कड तपासा. पूर्ण फेरीत सुईचा फरक ०.२ मिमीच्या आत हवा. तो जास्त असेल तर इनपुट बेअरिंग ओरडत राहील आणि क्लच प्लेटचा मधला भाग फाटेल. क्लच पेडलचा फ्री प्ले २० ते २५ मिमी ठेवा.

५०-६० च्या वेगाला गाडी थरथरते. इंजिनाचा दोष आहे का?

गाडी जागेवर ठेवून न्यूट्रलमध्ये त्याच फेऱ्या द्या. थरथर नसेल तर इंजिन निर्दोष, दोष प्रॉपेलर शाफ्टचा. दोन्ही टोकांचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) एकाच रेषेत आहेत का ते पाहा. शाफ्ट कापून लांबी बदलताना हे हमखास चुकतं. ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि ॲक्सलचा फ्लँज एकमेकांना समांतर हवेत. मोबाइलमधला कोन मापक फ्लँजवर टेकवला की फरक दिसतो, तो एक अंशाच्या आत आणा. गाडी सपाट जमिनीवर स्वतःच्या वजनावर उभी असताना स्लिप योकमध्ये (शाफ्टच्या सरकत्या जोडात) निदान २५ मिमी सरकायची जागा उरली पाहिजे. शाफ्ट बनवल्यावर बॅलन्स करून घ्या, नुसत्या नजरेने भागत नाही.

इंजिन जोरकस आहे, पण ७५ च्या पुढे गाडी किंचाळते.

हा दोष नाही, गणित आहे. ६.००-१६ टायर एका फेरीत साधारण २.२ मीटर जातो. ५.३८ चं क्राउन-पिनियन आणि थेट टॉप गिअर असेल, तर ३२०० फेऱ्यांवर गाडीचा वेग ताशी ७८ किमीच्या आसपास भरतो. प्युजो इंजिन ४००० च्या वर फिरून तुम्हाला ९८ पर्यंत नेत असे. एमडीआयकडे त्या फेऱ्याच नाहीत. ४.८८ चं क्राउन-पिनियन घातलं तर ३२०० ला वेग ८६ होतो. त्यावर ओव्हरड्राइव्ह असलेला पाच गिअरचा बॉक्स आला आणि पाचव्याचं प्रमाण ०.८५ धरलं, तर तोच वेग सुमारे १०१.

आमचं मत विचाराल, तर शेतात आणि घाटात चालणाऱ्या जीपला ५.३८ च राहू द्या आणि ६५ वर समाधान माना. बायपासने रोज देवासला ये-जा असेल तर पाच गिअरचा बॉक्स बघा. मात्र क्राउन-पिनियन बदललं तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलचं बदला. दोन्हींत वेगळं प्रमाण ठेवून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावली, तर ट्रान्सफर केस किंवा शाफ्ट मोडेपर्यंत चाकं एकमेकांशी भांडत राहतील. क्राउन आणि पिनियनमधली मोकळीक ०.१५ ते ०.२० मिमी ठेवायची, आणि दातांवर रंग लावून खूण मधोमध पडते का ते बघितल्याशिवाय कव्हर बंद करू द्यायचं नाही.

मे महिन्यात घाटात गाडी तापते. मोठा रेडिएटर लावू का?

लावायचाच असेल तर शेवटी. आधी पंखा कुठे आहे ते बघा. इंजिन बदलल्यावर पंखा बहुतेक वेळा रेडिएटरच्या मध्यावर येत नाही, किंवा चार-पाच इंच मागे राहतो. मग तो समोरची हवा न ओढता स्वतःभोवतीचीच गरम हवा घुसळत राहतो. पंखा कोअरपासून २० ते २५ मिमीवर आणा आणि भोवती पत्र्याचं कडं, म्हणजे श्राउड, नक्की लावा. पंख्याच्या पात्यांची जाडी अर्धी कड्याच्या आत, अर्धी बाहेर हवी. नुसत्या कड्याने फरक पडलेल्या गाड्या असंख्य आहेत.

दुसरं, थर्मोस्टॅट काढून टाकू नका. ‘काढला की थंड राहते’ हा गैरसमज आपल्याकडे घट्ट बसलाय. तो नसेल तर इंजिन सकाळी तापतच नाही, ऑइलमध्ये डिझेल उतरतं आणि लायनर झिजतात. ८२ अंशांचा नवा थर्मोस्टॅट घाला, त्याआधी गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडताना बघा. तिसरं, ब्लॉकमधला गाळ. बोअरवेलच्या पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात चौथ्या सिलिंडरभोवती लाल चिखल घट्ट बसलेला असतो. वेल्श प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) काढून तारेने खरवडा आणि उलट दिशेने पाणी सोडा. पुन्हा भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं.

तापमानाचा काटा आणि सेन्सर एकाच जोडीचे हवेत. एमडीआयचा सेन्सर आणि जीपचा जुना काटा अशी जोडी काहीही दाखवते.

ब्रेक तेच ठेवले तर?

ठेवू नका. किंबहुना इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेक करा. एमडीआय लोखंडी आणि जड आहे, पुढचा भाग खाली बसतो आणि ब्रेक मारल्यावर वजन आणखी पुढे येतं. एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर असेल तर दुहेरी बसवा, म्हणजे एक होज फुटला तरी दोन चाकं तरी थांबतात. सगळे रबर होज, व्हील सिलिंडरच्या वॉशर आणि स्टीलच्या नळ्या नव्या. डॉट ३ ऑइल. ड्रम लेथवर साफ करून घ्या, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल मापापलीकडे नाही.

बूस्टर लावायचा असेल तर लक्षात घ्या, डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो. त्यासाठी मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर लागतो. त्या पंपाला इंजिनाचं ऑइल जातं आणि परतीच्या होजने सम्पमध्ये येतं. तो परतीचा होज वळून चेपला की ऑइल अल्टरनेटरच्या ब्रशवर जातं आणि चार्जिंग बंद पडतं. लोक अल्टरनेटर बदलतात, होज कोणी बघत नाही.

पुढच्या कमानीत एक पट्टा वाढवावा लागतो. दोन वाढवू नका, गाडी दगडासारखी उडते.

वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त काय चुकतं?

अर्थिंग. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणजे चेसिसपासून विजेच्या दृष्टीने वेगळं. स्टार्टरला शेकडो अँपिअर लागतात. इंजिन ते चेसिस जाड वेणीची पट्टी नसेल, तर तो करंट वाट शोधतो आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. केबलचं प्लास्टिक वितळतं आणि तार आत चिकटते. पुढे ॲक्सिलरेटर दाबलेला तसाच अडकतो. बॅटरी ते इंजिन ब्लॉक आणि इंजिन ब्लॉक ते चेसिस अशा दोन जाड पट्ट्या द्या. टोकाखालचा रंग खरवडून चकचकीत धातूवर बसवा आणि वरून ग्रीस लावा. बॅटरी १२ व्होल्ट, ८० अँपिअर-अवरची असली की पुरते.

गाडी चालता चालता बंद पडते आणि डिझेलचा हॅन्ड पंप मारल्यावर सुरू होते.

डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते आहे. टाकीपासून पंपापर्यंतची बाजू ओढीची आहे, तिथे गळती असली तरी डिझेल बाहेर दिसत नाही, हवा आत जाते. म्हणून जोडाला साबणाचं पाणी लावून काही कळत नाही. टाकीजवळ एक हात पारदर्शक नळी तात्पुरती जोडा, मग एकेक जोड पुढे सरकत जा. बुडबुडे जिथून सुरू होतात तो जोड दोषी. तांब्याचे वॉशर पुन्हा पुन्हा वापरू नका.

हवा काढताना आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हॅन्ड पंप मारा, मग घट्ट करा. नंतर पंपावरचा स्क्रू तसाच. शेवटी दोन नोझलच्या पाइपचे नट सैल करून स्टार्टर मारा, डिझेल आलं की घट्ट. नोझलकडून टाकीकडे जाणारी परतीची लाइन सरळ टाकीच्या वरच्या भागात गेली पाहिजे. जुन्या टाकीला ती जोडायला नळी नसेल तर टाकी उतरवून, धुऊन, पाण्याने भरून मगच वेल्डिंग करा. रिकाम्या टाकीतली वाफ पेटते. इथे घाई करणाऱ्यांचे हात जळाले आहेत.

पीयूसीला पास होईल का?

नोझल आणि पंप ठीक असतील तर हो. जुन्या डिझेल गाड्यांसाठी फ्री ॲक्सिलरेशनमध्ये (न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर एकदम दाबून) धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धूर मोजायचं एकक) आहे. चाचणीला जाण्याआधी गाडी अर्धा तास चालवून तापवा आणि एअर फिल्टर साफ असू द्या. ‘ताकद वाढवतो’ म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून घेतला असेल तर गाडी नापास होईलच, शिवाय पिस्टनही जळेल.

ऑइल कोणतं घालू?

इंजिनात १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल. जुन्या सिंक्रो गिअरबॉक्समध्ये ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं. तिथे जीएल-५ घालू नका, त्यातला गंधक असलेला मसाला पितळी रिंगा खातो. दोन्ही ॲक्सलमध्ये मात्र जीएल-५ च हवं, हायपॉइड दातांना त्याची गरज असते. डबे दिसायला सारखे असतात, मिस्त्री घाईत एकच सगळीकडे ओततो. शेजारी उभे राहा.

पहिली खरी चाचणी कुठे घ्यावी?

पहिले ५० किमी गावातच, खिशात पाने (स्पॅनर) आणि जवळ पाणी ठेवून. मग थंड झाल्यावर फाउंडेशन, प्रॉपेलर शाफ्ट आणि बेल हाउसिंगचे बोल्ट पुन्हा आवळा. नव्याने बनवलेलं इंजिन असेल तर ५०० किमीला ऑइल आणि फिल्टर बदला, हेडचे बोल्ट आणि टॅपेट तपासा. पहिले १,५०० किमी टॉप गिअरमध्ये कण्हत ओढू नका, सतत एकाच फेरीवरही चालवू नका.

त्यानंतर महूवरून जामच्या घाटाने मंडलेश्वरला उतरा, महेश्वरला जा आणि त्याच रस्त्याने चढत या. उतरताना ब्रेक कळतात, चढताना रेडिएटर आणि क्लच. धामणोदकडचा गणेश घाट पहिल्या चाचणीसाठी मुळीच नको, तिथे ब्रेक गेलेल्या अवजड गाड्यांचे अपघात होत आले आहेत. खाली पोचल्यावर चारही ड्रमजवळ हात न्या. एक जास्त तापला असेल तर तो घासतोय, एक थंड असेल तर तो कामच करत नाही.

नंतरची देखभाल?

नेहमीचीच, पण चुकवायची नाही. क्रॉस, कमानीचे शॅकल आणि स्टीयरिंगचे जोड यांना दर २,००० किमीला ग्रीस. नदी-नाल्यातून गेलात तर त्याच संध्याकाळी. पावसाळ्यात काळी माती रेडिएटरच्या पंखांत वाळून सिमेंट होते. इंजिनाच्या बाजूने समोर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा, नाहीतर पंख आडवे होतात. ॲक्सलचे ब्रीदर उघडे आहेत ना ते बघा. बुजले की पाणी ऑइल सीलमधून आत खेचलं जातं आणि ऑइल कॉफीसारखं होतं. नोंदणीची मुदत १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तेव्हा इंजिन नंबर पुन्हा बघितला जातो.

काढलेल्या प्युजो इंजिनाचं काय करायचं? भंगारात देऊ?

निदान नव्या इंजिनाची आरसीवर नोंद होईपर्यंत देऊ नका. नंबरची पाटी आणि कोरलेला नंबर दोन्ही जपा. पाणी पूर्ण काढा, नोझलच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल घाला, क्रँक दोन-तीन फेऱ्या हाताने फिरवा आणि सगळी तोंडं लाकडी बूच व चिकटपट्टीने बंद करा. जमिनीवर नाही, फळ्यांवर ठेवा. दर दोन महिन्यांनी क्रँक पाव फेरी फिरवा, म्हणजे रिंगा एकाच जागी चिकटत नाहीत.